गाल-हिरडीचा कर्करोग: शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांच्या मधले दिवस (नागपुरातील एक प्रकरण)

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांचे. पूर्व नागपुरात पारडीकडे राहणारे, कळमना बाजारात हमाली करणारे. घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुलं. मोठे भाऊ शेजारीच राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

विशीपासून खर्र्याची सवय. दिवसाला चार-पाच पुड्या आणि प्रत्येक वेळी चिमूट एकाच जागी, डाव्या गालफडात, खालच्या दाढांच्या बाहेरच्या खाचेत. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा माल तासन्‌तास त्या खाचेत भिजत राहतो. विदर्भातल्या तोंडाच्या कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा नेमकी तिथेच सापडते. सुपारीने गालाचं अस्तर आतून तंतुमय आणि कडक होतं, तोंड हळूहळू आखडतं. या रुग्णाचं तोंड काही वर्षांपासून पुरतं उघडत नव्हतं. उभी तीन बोटं जायला हवीत, तिथे दोनही जेमतेम जायची. मोजून २२ मिलिमीटर.

या आखडलेल्या तोंडानेच पहिला घोळ केला. गालात जखम झाली, तेव्हा रुग्ण म्हणे खर्र्याने सोललं आहे आणि बघणारेही तसंच समजले. चार महिने लावायचं जेल, बी-कॉम्प्लेक्स आणि गुळण्या झाल्या. तोंड उघडत नसल्याने मागची खाच कुणालाच नीट दिसली नाही. मग डावीकडची खालची दाढ हलू लागली, ती एका दवाखान्यात काढली. तीन आठवडे उलटले तरी खड्डा भरेना. उलट त्यातून मांस वर आलं आणि ब्रश लागला की रक्त यायचं.

बाकीचे दात घट्ट असताना एकच दाढ हलत असेल आणि शेजारी जखम असेल, तर दाढ काढण्याआधी जबड्याचा एक्स-रे आणि जखमेचा तुकडा तपासणं, हा क्रम चुकवू नये. गाठीतली दाढ उपटली की आजाराला हाडात उतरायला मोकळा खड्डा मिळतो. जखम कुठलीही असो, दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर बायोप्सी.

तपासण्या आणि टप्पा

बायोप्सी जखमेच्या कडेवरून घेतली. मधला भाग सडलेला असतो, तिथला तुकडा अनेकदा ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. अहवाल: मध्यम प्रतीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग.

सीटी स्कॅन गाल फुगवून केला. ओठ मिटून गालात हवा भरून धरली की गाल आणि हिरडी एकमेकांपासून सुटतात आणि गाठ नेमकी कशाला चिकटली आहे ते दिसतं. यासाठी तोंड उघडावं लागत नाही, त्यामुळे आखडलेल्या तोंडाच्या रुग्णाला तर ही पद्धत हवीच. सांगितलं नाही तर तंत्रज्ञ साधाच स्कॅन करतो आणि गाल-हिरडी एकच गोळा दिसतो. स्कॅनमध्ये गाठ ३.६ सेंटिमीटर, खालच्या जबड्याच्या हाडाचं बाहेरचं कवच खाऊन आतल्या मज्जेपर्यंत गेलेली. चावण्याच्या स्नायूंची जागा मोकळी. जबड्याखाली २ सेंटिमीटरची एक लिम्फ गाठ (रसग्रंथी). छातीचा सीटी स्वच्छ.

टप्पा ठरला टी-४ए, एन-१, एम-० (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लिम्फ गाठी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार). हिरडीच्या गाठीने दाताच्या खोबणीपाशी हाड नुसतं वरवर खरवडलं असेल तर तेवढ्याने टी-४ होत नाही. इथे कवच ओलांडलेलं होतं, म्हणून झाला. तोंड न उघडण्याचं कारण स्नायूत शिरलेला आजार की जुनी सुपारी, हा प्रश्न स्कॅननेच सुटला. तो सुटला नसता तर उपचाराची दिशाच बदलली असती.

घरच्यांनी पेट-सीटी (सर्व शरीराचा स्कॅन) आणि पी-१६ चाचणीबद्दल विचारलं होतं. पी-१६ चा उपयोग घशाच्या मागच्या भागातल्या, विषाणूशी संबंधित कर्करोगात होतो. गाल-हिरडीच्या कर्करोगात तिच्यावरून उपचार बदलत नाही. छातीचा सीटी झालेला असल्याने पेटचीही निकड नव्हती. दोन्ही टाळल्या, पैसे आणि आठवडा वाचला.

पर्याय

ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे वेगवेगळ्या विभागांच्या तज्ज्ञांच्या बैठकीसमोर, चार वाटा होत्या.

थेट शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन, ही प्रचलित वाट. दुसरी, आधी किमो देऊन गाठ लहान करायची आणि मग कापायची. ही कल्पना नातेवाइकांना नेहमी पटते. पण काढता येण्याजोग्या गाठीत तिने आयुष्य वाढत नाही, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या २५६ रुग्णांच्या चाचणीत दिसलं आहे. गाठ काढता येईल की नाही अशा काठावर असेल तेव्हा तिचा विचार होतो; इथे तसं नव्हतं. तिसरी, शस्त्रक्रियेविना रेडिएशन आणि किमो. स्वरयंत्राच्या कर्करोगात ती चालते, हाडात शिरलेल्या गाल-हिरडीच्या गाठीत ती शस्त्रक्रियेच्या बरोबरीला येत नाही आणि किरणांनी हाड सडण्याचा धोका वर राहतो.

चौथी नवी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-६८९ चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीमार्फत काम करणारं औषध दिलेल्यांत तीन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता जिवंत असलेल्यांचं प्रमाण ५७.६ टक्के, नेहमीच्या उपचारात ४६.४ टक्के. फरक खरा आहे. पण औषध या कुटुंबाच्या आवाक्याच्या फार पलीकडचं होतं, आणि पैशांच्या जमवाजमवीत महिना घालवण्यात शहाणपण नव्हतं. पर्याय अस्तित्वात आहे हे मात्र त्यांना सांगितलं. न सांगता गाळणं योग्य नाही.

भावाचा प्रश्न वेगळाच होता: “चाकू लागला का पसरते म्हणतात ना जी?” गावाकडे एका जडीबुटीवाल्याचा पत्ताही तयार होता. यावर व्याख्यान देऊन उपयोग नसतो. स्कॅनची फिल्म उजेडावर धरून हाडातला खड्डा दाखवला आणि दाढ काढण्याआधी ही जागा किती असावी तेही बोटाने दाखवलं. चाकू न लागताच आजार केवढा पुढे गेला, हे त्यांना दिसलं. संमती त्याच दिवशी मिळाली.

पहिला अवघड निर्णय: जबडा कशाने भरायचा

हाडाच्या मज्जेत आजार असल्याने जबड्याची नुसती वरची कड कापून भागणार नव्हतं. डाव्या बाजूचा पूर्ण तुकडा काढावा लागणार होता. पोकळी भरायला दोन मार्ग. पायातलं फिब्युला हाड त्वचेसह आणि रक्तवाहिन्या जोडून बसवणं, म्हणजे आठ-दहा तासांची शस्त्रक्रिया आणि मायक्रोसर्जन हवा. किंवा छातीचा पेक्टोरालिस स्नायू त्वचेसह वर फिरवून आणणं, म्हणजे कमी वेळ, पण हाड नाही.

फिब्युलासाठी तारीख २४ दिवसांनंतरची मिळत होती, छातीच्या स्नायूसाठी नवव्या दिवसाची. काढलेला भाग जबड्याच्या बाजूचा आणि मागचा होता. हनुवटीची कमान जात असेल तर हाडाशिवाय पर्याय नाही; ओठ आत कोसळतो, लाळ गळते, गिळणं बिघडतं. मागच्या बाजूला हाड नसेल तर जबडा त्या बाजूला झुकतो, पण माणूस खाऊ-बोलू शकतो. बोर्डाने नववा दिवस निवडला.

निर्णय समर्थनीय होता. पण रुग्ण हमाल आहे ही बाब चर्चेत फारच उशिरा आली. छातीचा स्नायू जातो, शिवाय मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याची नस वाचवली तरी ती काही महिने सुस्त असते. पोतं उचलणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन्ही मिळून रोजगाराचा प्रश्न आहे. फिब्युलातही पाय कमकुवत होण्याचा भाग आहेच, तेव्हा उत्तर कदाचित तेच राहिलं असतं. प्रश्न रुग्णापुढे आधी ठेवायला हवा होता एवढंच.

शस्त्रक्रिया आणि अहवाल

तोंड २२ मिलिमीटर उघडत असल्याने भूल देताना जागेपणीच नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी घालावी लागली. शेवटी श्वासासाठी गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी केली, ती सहाव्या दिवशी काढली. मानेच्या पहिल्या ते पाचव्या पातळीपर्यंतच्या लिम्फ गाठी काढल्या. बाराव्या दिवशी सुट्टी, आहारासाठी नाकातून घातलेल्या नळीसह.

मऊ भागाचा अहवाल तेराव्या दिवशी आला. गाठीची खोली १४ मिलिमीटर, नसेभोवती शिरकाव आहे, सर्वांत जवळची कड (गाठीपासून कापलेल्या काठापर्यंतचं अंतर) ३ मिलिमीटर. पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड स्वच्छ धरतात, म्हणजे ही ‘जवळची’. ३४ लिम्फ गाठींपैकी दोनमध्ये आजार आणि त्यांतल्या एकीत तो कवच फोडून बाहेर आलेला, दीड मिलिमीटर.

शेवटच्या त्या दीड मिलिमीटरने टप्पा एन-१ वरून थेट एन-३बी झाला, म्हणजे चौथ्या टप्प्याचा बी भाग. घरच्यांनी ‘चौथी स्टेज’ एवढंच ऐकलं आणि सगळं संपलं असा अर्थ लावला. तोंडाच्या कर्करोगात चौथ्या टप्प्याचे ए, बी, सी असे तीन भाग आहेत. शरीरात दूरवर पसरलेला आजार फक्त सी मध्ये येतो. बी चा अर्थ उलटण्याचा धोका मोठा, रेडिएशनसोबत किमो हवी, आणि उपचार बरं करण्याच्याच हेतूने चालणार. हे अहवाल हातात देण्याआधी सांगायचं असतं. इथे अहवाल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला.

लिम्फ गाठीचं फुटलेलं कवच किंवा अपुरी कड असेल तर रेडिएशनला सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाची जोड फायद्याची, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतल्या दोन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलं. त्यावर आज फारसा वाद नाही.

दुसरा निर्णय, जो कुणी घेतलाच नाही

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, हा सर्वमान्य दंडक. पण ती शेवटची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या २००१ च्या एका तुलनात्मक चाचणीत, अधिक धोक्याच्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या दिवसापासून रेडिएशनच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ मोजला होता: ११ आठवड्यांच्या आत, ११ ते १३ आणि १३ हून जास्त. काळ जसा वाढला तसा निकाल उतरला. रेडिएशनलाच साडेसहा आठवडे लागतात. ११ मध्ये बसायचं तर ते साडेचार-पाच आठवड्यांतच सुरू व्हायला हवं.

इथे काय झालं? हाडाचा अहवाल यायला विसावा दिवस उजाडला, कारण हाड कापण्याआधी ते आम्लात मऊ करावं लागतं. त्याची वाट पाहत फाइल थांबली. खरं तर लिम्फ गाठीचं कवच फुटल्याची नोंद तेराव्या दिवशीच हातात होती. हाडाच्या अहवालाने उपचार बदलणार नव्हता. बाविसाव्या दिवशी रेडिएशन विभागाने पाहिलं आणि दातांकडे पाठवलं. उजवीकडची एक दाढ आणि वरचे दोन दात किडलेले. किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं, म्हणून ते आधीच काढणं भाग होतं. आखडलेल्या तोंडात एका बैठकीत जमलं नाही. २६ व्या आणि २९ व्या दिवशी काढले. खड्डे भरायला दोन आठवडे. मास्क (किरण देताना डोकं स्थिर धरणारा साचा) आणि नियोजनाचा सीटी ३६ व्या दिवशी, पहिला किरण ४६ व्या.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण बेशुद्ध आणि जबडा उघडा असताना हे तिन्ही दात दहा मिनिटांत निघाले असते. दंतवैद्याची तपासणी शस्त्रक्रियेआधीच्या यादीत नव्हती, ती रेडिएशनआधीच्या यादीत होती. आयुष्मान-महात्मा फुले योजनेची रेडिएशनची मंजुरीही शस्त्रक्रियेच्या मंजुरीहून वेगळी असते, तिला बायोप्सीचा अहवाल जोडावा लागतो. ती दातांच्या काळातच झाल्याने तिच्यामुळे वेगळा उशीर झाला नाही. एरवी तिच्यावर खापर फोडणं सोपं असतं.

उपचार आणि नागपूरचा मे महिना

किरणांची मात्रा ६० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप), फुटलेल्या गाठीच्या जागेला ६६. एकूण ३३ बैठका. किमोच्या बाबतीत दोन चाचण्यांचा मेळ घालावा लागला. टाटा रुग्णालयाच्या २०१८ च्या चाचणीत सिस्प्लॅटिनची दर तीन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर १०० मिलिग्रॅम ही मात्रा दर आठवड्याच्या ३० पेक्षा सरस ठरली: दोन वर्षांनी स्थानिक नियंत्रण ७३.१ विरुद्ध ५८.५ टक्के. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील जपानी चाचणीत आठवड्याला ४० ही मात्रा १०० च्या तुलनेत कमी पडली नाही. म्हणजे आठवड्याला देणं चूक नाही, ३० देणं चूक. वजन ५० किलो, नळीवर आहार, बाहेर ४४-४५ अंश. आठवड्याला प्रति चौरस मीटर ४०, म्हणजे या रुग्णाला ६० मिलिग्रॅम, ठरलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ (हे वाढणं वाईट), क्लिअरन्स ७४ (हा उतरणं वाईट), श्रवणचाचणी ठीक.

तीन मात्रा सुरळीत गेल्या. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन १.७, क्लिअरन्स ३७. मात्रा थांबवली. मूत्रपिंड बिघडायला एकटं औषध कारण नव्हतं.

पत्नी वहीत प्रत्येक फीड लिहून ठेवत होत्या. दोनशे मिलिलिटरचे आठ फीड: दूध, सातूचं पीठ, अंडं, तेल, फडक्यातून गाळून. वहीत तिसऱ्या आठवड्यापासून आठाचे सहा, मग पाच झालेले. तोंड सोलून लाळ चिकट झाली होती आणि फीड देताना ठसका लागत होता. पाण्याचा रकाना रिकामा. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पाणी दुधातच गेलं ना जी.” नळी धुवायला जाणारं पाणी तेवढं वेगळं, प्रत्येक वेळी ३० मिलिलिटर. शिवाय रेडिएशनची पाळी दुपारी दोनची, पारडीहून ऑटोने. आणि दुखणं सहन होईना म्हणून भावाने मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदा कुटून नळीतून. सिस्प्लॅटिन, उन्हाळा आणि ही गोळी असे तिन्ही मिळून मूत्रपिंडावर बसले होते.

गोळी बंद करून मॉर्फिन सुरू केलं. डे-केअरमध्ये तीन दिवस सलाइन, मॅग्नेशियम भरून काढलं. पाळी सकाळी आठची करून घेतली. दोन फीडच्या मध्ये २०० मिलिलिटर साधं पाणी आणि दिवसाला अर्धा लिटर ओआरएस असा रकाना वहीत वेगळा आखून दिला. उन्हात दुधाचं फीड दोन तासांवर ठेवायचं नाही, डोकं उशीवर उंच ठेवूनच द्यायचं. गुळण्यांना एक पेला पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा, दर दोन तासांनी. पाचव्या आठवड्यात क्रिएटिनिन १.१, क्लिअरन्स ५७. उरलेल्या दोन मात्रा दिल्या. एकूण पाच, म्हणजे प्रति चौरस मीटर २०० मिलिग्रॅम, जी किमान गाठायची असते. रेडिएशनच्या दोन बैठका चुकल्या, त्या शनिवारी भरून काढल्या. शेवटची बैठक शस्त्रक्रियेपासून ९० व्या दिवशी: तेरा आठवड्यांच्या आत, जेमतेम.

निकाल

सोळा महिन्यांनंतर आजार उलटलेला नाही. हा कर्करोग उलटायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तपासणी दर दीड-दोन महिन्यांनी चालू आहे. दर सहा महिन्यांनी टीएसएच ही रक्तचाचणी, कारण मानेवरच्या किरणांनी थायरॉइड मंदावतं. तोंड १४ मिलिमीटरपर्यंत आखडलं होतं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिवसातून पाच वेळा केल्यावर २० वर आलं. मऊ भात, वरण, भिजवलेली पोळी जाते. डावा हात खांद्याच्या वर पूर्ण जात नाही. हमाली सुटली, त्याच अडत्याकडे काट्यावर वजन लिहायचं काम मिळालं.

खर्रा सुटला, पण मधल्या काळात ‘नुसती सुपारी’ सुरू झाली होती. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नोंदवलं आहे. निकोटिनचं च्युइंगगम इथे निरुपयोगी, अर्धा जबडाच नाही. त्वचेवरची पट्टी दिली. चौदाव्या महिन्यात उजव्या गालात पांढरा चट्टा दिसला. बायोप्सीत सौम्य बदल, कर्करोग नाही. त्या बाजूवर आता प्रत्येक भेटीत नजर असते.

घरच्यांनी विचारलं, उलटलाच तर? पुन्हा कापता येत असेल तर शस्त्रक्रिया. नसेल तर मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडावाटे घ्यायची औषधं, सोबत दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, हेही पेम्ब्रोलिझुमॅबच्याच जातीचं औषध. टाटाच्या २०२३ च्या चाचणीत निवोलुमॅबच्या या भरीने वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी निवोलुमॅब असल्याने ते परवडण्याच्या कक्षेत येतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा तोटा पहिल्या चार महिन्यांत झाला. गाठ पहिल्या टप्प्यात, मानेत काही नसताना सापडली असती तर गाठ आणि मानेच्या गाठी एकाच वेळी काढून बहुधा काम संपलं असतं. रेडिएशनची वेळही आली नसती. अशा सुरुवातीच्या रुग्णांत मान आधीच साफ करण्याने तीन वर्षांचं जगणं ६७.५ वरून ८० टक्क्यांवर जातं, हे टाटाच्याच २०१५ च्या चाचणीतलं आहे.

ते हातातून गेल्यावर जे उरलं त्यात दातांचे दिवस सर्वांत स्वस्तात वाचणारे होते. भूल दिलेली असतानाच किडलेले दात काढायचे. रेडिएशन विभागाची भेट शस्त्रक्रियेआधी घ्यायची. मऊ भागाच्या अहवालावरच मास्कची तारीख धरायची. या प्रकरणातले दिवस तसे मांडले तर मास्क बाविसाव्या दिवशी, पहिला किरण ३३ व्या आणि शेवटचा ७७ व्या दिवशी येतो. बरोबर ११ आठवडे. तेरा दिवस विभागांच्या मधल्या जागेत गेले, कुठल्याही एका विभागाच्या रजिस्टरमध्ये ते उशीर म्हणून दिसत नाहीत.

फीडची वही दर सोमवारी किमोआधीच्या रक्ततपासणीसोबत पाहिली असती तर मूत्रपिंडाचा प्रसंग आठवडाभर आधी लक्षात आला असता. क्रिएटिनिन चढण्याआधी फीडचा आकडा उतरला होता. आता त्या डे-केअरमध्ये एप्रिल ते जून रुग्णाच्या कार्डावर तीन प्रश्न छापलेले असतात: काल किती फीड, काल किती साधं पाणी, दुखण्यावर कोणती गोळी. तिसरा प्रश्न विचारताना गोळीची रिकामी पट्टी आणायला सांगतात. नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.